मेथीचाच वास असेल

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, ती मेपल सिरपची बाटली संपली का? येताना नवी आणू?" मी "नको" म्हणाले आणि तुमच्या परीक्षेचं विचारलं. तुमची आई पलीकडे ऐकतच होती. हे तुम्हाला कधीतरी मीच सांगायचं, असं आमचं ठरलेलं होतं. तुम्ही आता मोठे झालात, दिवाळीनंतर इथे येणार आहात. घरात पाऊल ठेवण्याआधी तुम्हाला हे माहीत असायला हवं.

बाटली संपलेली नाही. माझ्या कपड्यांच्या कपाटात, वरच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवली आहे. त्यातलं सिरप आम्ही कोणी चाखलंही नाही. फक्त वास घेतला आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, मलाही जड गेलं नसतं. पण यातली माणसं इंग्रजीत बोलली नाहीत आणि रडलीही नाहीत. म्हणून मराठीत लिहिते. हळूहळू वाचा.

तुमची मामी माझ्या सख्ख्या भावाची मुलगी, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला लहानपणी त्याचं हसू यायचं, की मामाने त्याच्या मामाच्या मुलीशी लग्न कसं केलं. आमच्याकडे त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, असं आमच्या भागात मानतात. ती जन्मली तेव्हा बारशाला माझ्या आईने पाळण्याची दोरी हातात धरून भरल्या घरात सांगितलं होतं, "ही माझ्या लेकीची सून बरं का." बायका हसल्या, मीही हसले. पुढे ती दोघं वाढली आणि त्यांनाच एकमेकांचं बरं वाटू लागलं. कोणी बळजबरी केली नाही. माझ्या भावाचं मंठ्याला बी-बियाणांचं दुकान आहे. त्याची लेक जालन्याला, म्हणजे आत्याच्याच घरात आली. भावाला घोर नाही, मला परकी सून नाही. लग्नानंतर मी तिला म्हटलं, आता मला आई म्हण. तिला ते जमेना, हसू फुटायचं. अजून ती मला आत्याच म्हणते.

पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, मंठ्याला झालं. मुलगा झाला. अंगाने भरलेला, डोक्यावर दाट जावळ. मी बसने गेले तेव्हा घरभर तुपात मेथी भाजल्याचा वास होता. वहिनी, म्हणजे मामीची आई, लाडू वळत होती. तुम्ही मेथीचे लाडू खाल्लेले नाहीत. कडू असतात. बाळंतिणीची कंबर भरून यावी, दूध उतरावं म्हणून रोज सकाळी एक लाडू द्यायचा, ही आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत.

मी बाळाला मांडीवर घेतलं तर त्याच्या दुपट्यालाही वास येत होता. गोड, किंचित करपलेला. गुळाचा पाक जरा जास्त वेळ चुलीवर राहिला की येतो तसा.

"वहिनी, याच्या अंगाला कसला वास येतोय गं?"

"मेथीचाच वास असंल. आईनं खाल्लेलं लेकराच्या अंगाला येतंच की. माझ्या सगळ्याच लेकरांला येत होता."

बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई शेगडीत ओवा टाकत म्हणाली, "लाडू अंगी लागून राह्यले म्हणायचे. चांगलं असतंय ते."

वहिनीला त्याचा अभिमानच वाटला. दुसऱ्या दिवशी बाळाचं रडणं कमी झालं. शेजारणी बघायला आल्या की कौतुक करायच्या, "किती गुणाचं लेकरू! जरासुद्धा रडून न्हाई राह्यलं." मग त्याने दूध ओढणं सोडलं. मामी त्याच्या गालाला बोट लावून लावून उठवायची. तो तोंड उघडायचा आणि तसाच राहायचा. त्यानंतर त्याचं अंग मागे धनुष्यासारखं वाकायला लागलं. पाय हवेत सायकल मारल्यासारखे हलायचे. तेव्हा आम्ही गाडी करून जालन्याला आलो.

दवाखान्यात रक्तात जंतू झाल्याचं सांगितलं. लहान बाळांना ते होतंच, आणि दिसतंही बरंचसं असंच. कोणाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. औषधं सुरू झाली. बाळाला ताकद यावी म्हणून नळीने आईचं दूध द्यायचं ठरलं. मामी एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची आणि वाटीत दूध काढायची. वाटी भरली की मामा ती दोन्ही हातांनी धरून आत न्यायचा, थेंब सांडू नये म्हणून. त्या दुधात काय होतं, हे आम्हाला नंतर कळलं. म्हणजे दूध चांगलंच होतं. कोणत्याही दुसऱ्या बाळाला ते अमृत होतं.

बारशाच्या आधीच तो गेला. त्याचं नाव ठेवायचं राहून गेलं. इतक्या लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात. मामा आणि माझा भाऊ दोघंच गेले आणि परत आले.

तुमची मावशी संभाजीनगरहून आली तेव्हा सगळं संपलं होतं. ती तिथे विद्यापीठात संशोधन करते. तिने कोणाला जवळ घेतलं नाही, रडलीही नाही. दवाखान्यातून आलेली पिशवी उघडून ती बाळाचे कपडे वेगळे करायला बसली. मी पाहत होते. एक दुपटं हातात घेऊन ती थांबली. ते नाकाला लावलं. उठून स्वयंपाकघरात गेली आणि तुम्ही त्या उन्हाळ्यात तिकडून आणलेली सिरपची बाटली घेऊन आली. झाकण उघडून तिने बाटली माझ्या नाकाशी धरली, मग दुपटं धरलं, मग पुन्हा बाटली.

"आई, सांग. वेगळे आहेत?"

वेगळे नव्हते.

वहिनी दारात उभी होती. "मंग मेथीचा पण असाच येतो," ती म्हणाली.

मावशी पुन्हा आत गेली आणि मेथीचा डबा घेऊन आली. तोही तसाच. ती वहिनीकडे, म्हणजे तिच्या मामीकडे, बघून म्हणाली, "मामी बरोबर बोलतात. मेथीत, या सिरपमध्ये आणि एका आजाराच्या बाळांच्या लघवीत वासाचा पदार्थ एकच असतो. त्या आजाराला नावही या सिरपवरून दिलेलं आहे. नाकाला फरक कळणार नाही."

"मग कशाने कळतो?" मी विचारलं.

"रक्ताने." ती दुपट्याची घडी घालत म्हणाली. "रक्त आता कुठलं आणायचं?"

कळता कळता राहिलं ते असं. वहिनी ओट्यावर जाऊन बसली. पुष्कळ वेळ ती पदराने हात पुसत राहिली. हात कोरडे होते.

मावशी नेमकं काय काम करते, असं तुम्ही मला मागे विचारलं होतं आणि मी "केमिस्ट्री" म्हणून मोकळी झाले होते. आता नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आपण डाळ, दूध, दाणे खातो, त्यातल्या प्रथिनांचे पोटात तुकडे होतात. त्या बारीक तुकड्यांना अमिनो आम्लं म्हणतात. शरीर लागतील तेवढी वापरतं आणि उरलेली मोडून टाकतं. या आजारात त्यातली तीन मोडता येत नाहीत. ती रक्तात साठतात आणि मेंदूत भिनतात. तिघांतल्या दोघांची नावं ल्युसिन आणि आयसोल्युसिन. ती साठली की आणखी एक तयार होतं, अलोआयसोल्युसिन. निरोगी माणसाच्या रक्तात ते जवळपास नसतंच. ते ठळक दिसलं की आजार नक्की, दुसरं कारण नाही. पण अडचण अशी की ल्युसिन, आयसोल्युसिन आणि हे नवं तयार झालेलं, तिन्हींचं वजन अगदी सारखं. मोठ्या प्रयोगशाळांतली यंत्रं वजनावरून ओळखतात, त्यांना हे तिन्ही मिळून एकच दिसतं.

मावशीचं काम म्हणजे अशा एकसारख्या दिसणाऱ्यांना वेगळं करणं. त्या पद्धतीला कॅपिलरी इलेक्ट्रोक्रोमॅटोग्राफी म्हणतात. नावाला घाबरू नका. केसासारखी बारीक काचेची नळी असते. तिच्या आत ती स्पंजासारखा सच्छिद्र पदार्थ घट्ट बसवते. नळीची दोन टोकं द्रवाच्या दोन कुप्यांत बुडवायची आणि हजारो व्होल्टचा दाब द्यायचा. मग आतला द्रव पंपाशिवाय आपोआप पुढे सरकायला लागतो. मला कळेना तेव्हा तिने जुन्या जालन्यातली आपली कापडाची गल्ली सांगितली.

"समज, सणाची गर्दी आहे. तू आत शिरलीस की चालायची गरज नाही, गर्दीच तुला पुढे नेते. सगळ्यांचा वेग एक. पण दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. जिला कापडाचा मोह नाही ती सरळ पलीकडे निघते. जी जरा रेंगाळते ती मागून येते. जी प्रत्येक दुकानाची पायरी चढते ती सगळ्यात शेवटी."

"म्हणजे मी," मामी तेव्हा म्हणाली होती. हे बाळंतपणाच्या आधीचं, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतलं. आम्ही सगळे खूप हसलो होतो.

"हो, तू शेवटची," मावशी म्हणाली. "तर तीन सख्ख्या बहिणी, वजन एक, चेहरा एक. एकत्र आत सोडल्या तरी पलीकडच्या तोंडाशी एकामागून एक येतात. मी तिथे उभी राहून बघते. आधी प्रत्येकीच्या कपाळाला चमकणारं कुंकू लावावं लागतं, नाहीतर दिसत नाहीत."

त्या दिवाळीत ते सगळं मजेचं होतं.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मावशीने मामा-मामीला समोर बसवलं. दोघांच्या रक्ताची जनुकांची तपासणी करा, दोष सापडला तर बाळ पोटात असतानाच कळेल, असं तिने सांगितलं. मामाने ऐकून घेतलं नाही.

"इन्फेक्शन होतं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय. तुला सगळीकडं तुझ्या नळ्याच दिसून राह्यल्या."

"दादा, नुसती तपासणी कर म्हणतेय."

"आणि निघालं तर? मंग काय करायचं, ते बी सांग ना."

 मामी खाली बघून नखाने चटईची काडी सोलत होती. ती म्हणाली, "बाळ झाल्यावर लगेच त्याचं रक्त बघू. तेवढं करू." तेवढंच ठरलं. आणि मावशीने आणखी एक अट घातली, की या वेळी बाळंतिणीच्या तोंडात मेथीचा दाणा जाता कामा नये, म्हणजे वास आला तर त्याचा अर्थ एकच राहील. वहिनीही तिथेच होती, तिने होकाराची मान हलवली.

मुलगी झाली. या वेळी बाळंतपण जालन्यालाच केलं, वहिनी मदतीला येऊन राहिली. लहान मुलांच्या डॉक्टर तरुण होत्या, त्यांना आम्ही सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावर घेतले आणि तो कागद कुरियरने मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवला. मध्ये सुट्ट्या आल्या. उत्तर येईना. बाळ दूध पीत होतं, रडत होतं. तिचं रडणं ऐकून बरं वाटायचं. घरात कोणी तिला गुणाची म्हणत नव्हतं.

आम्ही घरी आलो. एका सकाळी मामीने मला हाक मारली. तिच्या आवाजावरूनच मला कळलं.

"आत्या, हिच्या कानाला वास येऊन राह्यला."

मी वाकले. कानाच्या पाळीमागे, जिथे मळ साठतो तिथे, तोच वास होता. पाक लागल्याचा.

मामा भिंतीला टेकून खाली बसला. मी मावशीला फोन लावायला वळले, तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून आली आणि बाळंतिणीच्या खाटेजवळ उभी राहिली.

"मी घातली," ती म्हणाली.

"काय घातलं?"

"मेथी. डिंकाच्या लाडवात. पोरीला दूध उतरून न्हाई राह्यलं, लेकरू वढून वढून दमायचं. मंग मी भाजून, बारीक करून घातली. चिमूटभर न्हाई, चांगली मूठभर घातली."

मामी म्हणाली, "आई, मला कडू लागलं नाही."

"गूळ जास्त टाकला ना मी."

 मग मामा हसायला लागला. भिंतीला टेकलेला, डोळे पुसत हसत होता. "मूठभर! बघ आई, मूठभर घातली म्हणं! मंग वास येणारच की!" त्याने उठून सासूच्या पायांना हात लावला. "तुमच्या लाडवानं वाचवलं आज."

आयुष्यात मी अनेक गोष्टींसाठी देवाजवळ बसले आहे. त्या सकाळी मी मेथीसाठी बसले. मेथीचाच वास असू दे, असं म्हणत राहिले. जे वाक्य मागच्या वेळी आम्हाला घेऊन बुडालं, तेच मी स्वतःच्या तोंडाने पुन्हा पुन्हा म्हणत होते.

डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. "आता वासाचा उपयोगच राहिला नाही," त्या म्हणाल्या. त्यांची अडचण त्यांनी समोर मांडली. आजार असेल तर आईचं दूध या घडीला बंद करायला हवं. पण नुसत्या साखरेच्या सलाइनवर बाळ फार काळ ठेवता येत नाही, कारण प्रथिनं मिळाली नाहीत की शरीर स्वतःचंच मांस मोडायला लागतं आणि तेच विष आतून तयार होतं. आजारासाठी वेगळी पावडर असते, ती बाहेरून मागवावी लागते, नक्की ठरल्याशिवाय मिळत नाही. त्यांनी दूध थांबवलं, सलाइन लावलं आणि म्हणाल्या, "मोठ्या प्रयोगशाळेकडून कळेपर्यंत थांबण्याइतका वेळ आपल्याकडे नाही. तुमच्या मुलीला विचारा."

मामा बाळाजवळून हलायला तयार नव्हता. म्हणून टाचेच्या रक्ताचा नवा कागद पिशवीत घालून मी बसने निघाले. संभाजीनगरला पोचेपर्यंत पिशवी मांडीवर धरून होते. शेजारच्या बाईने विचारलं, "काय आहे जी त्याच्यात?" मी म्हटलं, "औषध."

मावशीची प्रयोगशाळा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मला वाटलं होतं मोठं काही असेल. एका टेबलावर एक पेटी, शेजारी संगणक, आणि स्वयंपाकघरात असतं तसं साधं लायटर. नळीवर पिवळसर लेप असतो, त्यातून उजेड जात नाही. म्हणून शेवटाजवळ तो थोडासा जाळून खिडकी करायची, त्यासाठी लायटर. तिने नळी बदलली, खिडकी केली, ती पुसली. आणि मग माझं बोट मागितलं.

"माझं कशाला?"

"निरोगी माणसाचं कसं दिसतं ते आधी बघायला लागेल. नाहीतर मी काय बघतेय ते मलाच कळणार नाही."

आधी माझं रक्त गेलं. संगणकावर एक सपाट रेघ हळूहळू सरकत होती. पुष्कळ वेळ ती सपाटच राहिली. मग मध्ये मध्ये उंचवटे यायला लागले. शेवटाकडे दोन आले, जवळजवळ. मावशीने बोट ठेवलं. "हे आयसोल्युसिन, हे ल्युसिन. आणि पहिल्याच्या अगदी आधी, ही जागा बघ. इथे काही नाही. हीच जागा."

तिथे रेघ जमिनीसारखी सपाट होती.

मग बाळाचं रक्त. रेघ निघाली आणि मध्येच सगळं थांबलं. नळीत हवेचा बुडबुडा आला होता. इतक्या बारीक नळीत एवढासा बुडबुडा आला तरी वीज वाहायची थांबते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. मावशीने ओठ आवळले. नळी धुऊन, द्रव भरून, बुडबुडा काढायला तिला जो वेळ लागला तेवढ्यात मामाचे फोन येत राहिले. मी उचलत नव्हते. शेवटी उचलला.

"निघालं का, आई? मेथीच ना?"

"अजून नाही."

"तिला म्हणावं, नीट बघ. मूठभर घातली होती."

दुसऱ्या खेपेला रेघ थांबली नाही. मी खुर्चीत बसून ती बघत होते. मावशी उभी होती. सपाट, सपाट, मग छोटे उंचवटे, मग पुन्हा सपाट. ती जागा जवळ आली. मी मनात म्हणत होते, येऊ नकोस. कोणाला म्हणत होते माहीत नाही.

ती आली. आधी गल्लीतली पहिली बहीण आली, स्पष्ट, टोकदार. तिच्या मागून दुसरी. मग तिसरी, सगळ्यांत उंच, पडद्याच्या वरच्या कडेला टेकेल इतकी.

 मावशीने कपाटातून शुद्ध अलोआयसोल्युसिनची कुपी काढली, त्यातलं अगदी थोडं बाळाच्या नमुन्यात मिसळलं आणि सगळं पुन्हा नळीतून सोडलं. पहिला उंचवटा तोच असेल तर तो तिथेच आणखी वाढेल, दुसरा कोणी असेल तर शेजारी नवा उभा राहील. नवा आला नाही. पहिलाच वाढला.

"मेथीत हे नसतं?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"नाही, आई. मेथीत वास आहे फक्त."

तिने डॉक्टरांना फोन केला. संशोधनाच्या नळीचा निकाल म्हणजे दवाखान्याचा रिपोर्ट नव्हे, हे तिने स्पष्ट सांगितलं, आणि मग जे दिसलं ते सांगितलं. डॉक्टरांनी तिथूनच बाळाला मोठ्या दवाखान्यात हलवायची तयारी केली. मामाला मी सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "वहिनीला... म्हणजे माझ्या सासूला काय सांगू? ती देवापुढं बसलीय." एरवी तो सासूला वहिनी म्हणत नाही. मी म्हणते ते ऐकून त्या वेळी त्याच्या तोंडात आलं.

मोठ्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट पुढे आला, त्यात एवढंच होतं की प्रमाण वाढलेलं आहे, खात्रीची तपासणी करावी. नंतर मामा-मामीच्या जनुकांची तपासणी झाली. दोघांतही तोच दोष होता. अर्धा दोष असलेल्याला काही होत नाही, तो फक्त पुढे देतो. मामाला तो माझ्याकडून आला, मामीला माझ्या भावाकडून, आणि आम्हा दोघा भावंडांना आमच्या आई किंवा वडिलांकडून. माझ्या रक्ताची रेघ त्या जागी सपाट होती, कारण अर्धा दोष तिथे दिसत नाही. तुमच्या आईतही तो असू शकेल आणि तुमच्यातही. घाबरण्यासारखं नाही. पण तुम्ही लग्न ठरवाल त्याआधी तपासून घ्या, हे मी आज सांगून ठेवते. पाळण्याची दोरी धरून बोलायची पद्धत आमच्या घरात आता बंद झाली आहे. कोणी बंद करा म्हटलं नाही. मागच्या वर्षी नात्यात बारसं होतं, तिथे दोरी हातात घेतली की बायका नुसतं गाणं म्हणत होत्या.

तुमची मामेबहीण जगली. वेळेत कळलं म्हणून जगली. पण जगणं म्हणजे काय ते तुम्ही येऊन बघालच. वरणभात, दूध, पेढा, शेंगदाणा, काही नाही. पावडर पाण्यात कालवून द्यायची, त्याला एक वेगळाच उग्र वास असतो. उष्टावणाला आम्ही पाण्यात शिजवलेला साबुदाणा साखर घालून चाटवला. शेजारची एक बाई जाता जाता मामीला बोलली, "बाई, एवढं सोन्यासारखं लेकरू, आणि उपाशी ठेवून राह्यल्या तुम्ही." मामीने दार लावून घेतलं. साधा ताप आला तरी शरीर स्वतःला मोडायला लागतं आणि रक्तात पुन्हा ते तिघं साठतात. दुसऱ्या वर्षी असा एक ताप आला. त्यातून ती उठली, पण जे चार शब्द बोलत होती ते गेले. चालते, जरा एका बाजूला झुकून. हसते खूप. बोलत नाही.

वहिनी आता जालन्याला फार येत नाही. आली तरी स्वयंपाकघरात पाऊल ठेवत नाही. मी तिला सांगितलं, मेथीने काही झालं नाही, तू घातली नसतीस तरी हेच होतं. ती म्हणाली, "ते समजतंय मला. पण मी घातली म्हणून तो हसला होता ना, त्या दिवशी." 

म्हणून आपल्या घरात मेथी येत नाही. भाजी नाही, दाणा नाही, लोणच्यातही नाही. रोज सकाळी ती उठली की मी तिच्या कानामागे नाक लावते. बघणाऱ्याला वाटतं आजी पापी घेते आहे. तीही तसंच समजते आणि मान वाकडी करून कान पुढे करते. वास आला की सामान भरलेली पिशवी उचलायची आणि दवाखान्यात जायचं. आतापर्यंत पुष्कळदा गेलो आहोत. मावशी अजून तिचं रक्त नळीतून सोडून बघते. अलीकडे पहिला उंचवटा पूर्ण सपाट कधीच होत नाही.

बाटली मी यासाठी ठेवली आहे. घरात कामाला नवी बाई आली, किंवा मुलीला सांभाळायला कोणी बसलं, की मी झाकण उघडून त्यांना वास देते आणि सांगते, हा वास तिच्या अंगाला आला की मला हाक मारा, मी झोपले असले तरी.

आता माझंच नाक पूर्वीसारखं राहिलेलं नाही. सर्दी झाली की मला चहाचाही वास येत नाही. त्या दिवशी मामीने बाटली उघडली तर मला ती रिकामी असल्यासारखी वाटली.

नवी बाटली आणू नका. तुम्ही तो वास लहानपणापासून रोज नाश्त्याला घेतलेला आहे, आमच्यापैकी कोणापेक्षाही तुम्हाला तो जास्त ओळखीचा आहे. इथे असाल तेवढे दिवस सकाळी आधी तिच्या खोलीत जा. ती कान पुढे करील. तुम्हाला तो वास येतो की नाही ते मला खरं सांगा. मला वाईट वाटेल म्हणून काही नाही असं म्हणू नका.